फॉरमॅट मारताय? जरा थांबा!

दिवाळीची साफसफाई हे आमच्या घरातलं वार्षिक युद्ध. आईचं म्हणणं, वर्षभर जे वापरलं नाही ते बाहेर. बाबांचं म्हणणं, वर्षभर वापरलं नाही म्हणजे कधीतरी लागणारच. मी नेहमीप्रमाणे तटस्थ राष्ट्र. पण २०२५च्या दिवाळीत या युद्धात मलाही उतरावं लागलं, कारण मुद्दा होता माझ्या जुन्या लॅपटॉपचा.

हा लॅपटॉप मी २०१४ साली घेतलेला. पहिली नोकरी, पहिला पगार, पहिला ईएमआय! येताना विंडोज ८ घेऊन आला, मग फुकटात विंडोज १० झाला. पुढे मी नवा घेतला आणि हा बाबांकडे गेला. बाबांनी त्याच्यावर पेन्शनचं पाहिलं, विजेची बिलं भरली, पत्त्यांचा सॉलिटेअर खेळून खेळून स्पेसबारवरचा रंग घालवला. सगळं छान चाललं होतं. पण १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट बंद केला आणि मला टेन्शन आलं. ज्या मशीनवर बाबा बँकेचे व्यवहार करतात, त्याला पुढे सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत? वैयक्तिक वापरासाठी मुदतवाढीची सोय होती, पण ती तात्पुरती मलमपट्टी. आणि विंडोज ११ या म्हाताऱ्याला झेपणार नव्हतं. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आमचा होता चौथ्या पिढीतला.

तेव्हा ठरलं. बाबांना पाडव्याला नवा लॅपटॉप. आणि जुना? तो चिपळूणच्या भाचीला. म्हणजे माझ्या आतेबहिणीच्या मुलीला. ती अकरावीत. जुलै २०२१च्या पुरात त्यांच्या घरातला कॉम्प्युटर टेबलासकट गेला, त्यानंतर मोबाइलवरच सगळा अभ्यास. बाबा लगेच म्हणाले, "दे दे, पोरगी हुशार आहे." आईचा माळा मोकळा, बाबांचा जीव शांत, भाचीला लॅपटॉप. सगळे खूश!

आता फक्त फॉरमॅट मारायचा होता. त्यात काय मोठंसं? आपण तर फॉरमॅट मारत मोठे झालोय!

सीडीचं पाकीट आणि डी ड्राइव्ह

आठवतंय ना? घरी असेंबल केलेला पीसी. मुंबईकरांचा लॅमिंग्टन रोडवरून, पुणेकरांचा तपकीर गल्लीतून. दर सहा महिन्यांनी तो गोगलगाय व्हायचा. मग कॉम्प्युटरवाला दादा यायचा, हातात सीडीचं काळं पाकीट. दोन मिनिटं स्क्रीनकडे बघायचा आणि डॉक्टरच्या थाटात निदान सांगायचा, "फॉरमॅट मारावा लागेल. डेटा डीला टाकलाय ना?" बस्स! या एका वाक्यावर आपली अख्खी पिढी वाढली. सी उडतो, डी वाचतो. जे जपायचं ते डीमध्ये टाका आणि निर्धास्त राहा.

त्याच श्रद्धेने मी एका शनिवारी सकाळी कामाला लागले. एक्स्टर्नल हार्ड डिस्क जोडली. बाबांचं डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, डाउनलोड्स, फोटो, डी ड्राइव्हमधलं सगळं कॉपी केलं. ही तर झाली शहाणपणाची गोष्ट. मग डी ड्राइव्हवर राइट क्लिक, फॉरमॅट, ओके. दहा सेकंदांत ड्राइव्ह रिकामा. चकाचक! मी चहा टाकायला उठले.

त्या दिवशी ऑफिसमधला एक मित्र जेवायला येणार होता. हा आमच्या आयटी डिपार्टमेंटचा, त्यामुळे सगळ्यांकडे बघताना त्याच्या चेहऱ्यावर एक कायमची कीव असते. त्याने विचारलं, "दहा सेकंदांत झालं? मग काहीच झालं नाही." मी म्हटलं, "बघ की, रिकामा आहे." त्याने खिशातून पेन ड्राइव्ह काढला, एक फुकट मिळणारं रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवलं आणि आम्ही जेवायला बसलो. वरणभात संपेपर्यंत स्क्रीनवर यादी तयार.

माझं पॅन कार्ड. आधार, दोन्ही बाजू. तीन वर्षांचे फॉर्म १६. कधीच न पाठवलेलं राजीनाम्याचं पत्र. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे आईने स्थळांसाठी बनवून घेतलेला माझा बायोडेटा! उंची, रास, नाडी, गण, पगार, "गृहकृत्यदक्ष" हे सपशेल खोटं विशेषण आणि पैठणीतला फोटो. मित्र तो मोठ्याने वाचून दाखवत होता. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

पाटी काढली, भाडेकरू आतच

हसू येतं, पण जरा विचार करा. हाच लॅपटॉप मी ओळखीतल्या भाचीला न देता एखाद्या अनोळखी माणसाला विकला असता तर?

डिलीट आणि क्विक फॉरमॅट म्हणजे नेमकं काय, ते एकदा समजून घेऊ. बिल्डिंगच्या खाली नावांच्या पाट्यांचा बोर्ड असतो ना, तसाच डिस्कवर एक बोर्ड असतो. कुठली फाइल कुठल्या खोलीत राहते, ते त्यावर लिहिलेलं. क्विक फॉरमॅट नवा कोरा बोर्ड लावतो. फ्लॅट मात्र तसेच, भाडेकरू आत मजेत. नवीन कोणी राहायला येऊन त्या खोलीचा ताबा घेईपर्यंत जुना तिथेच असतो. रिकव्हरी सॉफ्टवेअर बोर्ड बघतच नाही, सरळ एकेका दारावर टकटक करतं.

हे काही नवं नाही. एमआयटीमधल्या सिमसन गारफिंकल आणि अभि शेलत या दोघांनी २००० ते २००२ या काळात १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या आणि २००३ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यातल्या १२९ डिस्कमधला डेटा त्यांना वाचता आला. आणि त्यातल्या नीट पुसलेल्या किती होत्या? फक्त १२! बाकीच्यांमध्ये पत्रं, वैद्यकीय माहिती, पाच हजारांहून जास्त क्रेडिट कार्ड नंबर. एक डिस्क तर चक्क एटीएम मशीनमधली निघाली. त्यातल्या बऱ्याच डिस्क मालकांनी आपल्या परीने फॉरमॅट केलेल्या होत्या. म्हणजे अगदी माझ्यासारख्याच. दहा सेकंदांत चकाचक!

मग नीट पुसायचं कसं? साध्या फिरत्या हार्ड डिस्कचं सोपं आहे. प्रत्येक खोलीत शून्य भरायचं. विंडोजमध्ये फॉरमॅट करताना 'क्विक फॉरमॅट'समोरची टिकली काढली की हे काम होतं. पण विंडोज व्हिस्टापासून पुढेच हं! एक्सपीतला पूर्ण फॉरमॅट नुसतेच खराब सेक्टर शोधायचा, पुसायचा काही नाही. अख्खं मशीन पुसायचं असेल तर 'रीसेट धिस पीसी'मध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडायचं आणि मग घाईघाईने नेक्स्ट न करता 'चेंज सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'क्लीन डेटा' चालू करायचं. सगळे ड्राइव्ह निवडले आहेत ना, तेही तिथेच बघायचं. वेळ लागतो, पण काम पक्कं.

पस्तीस वेळा पुसावं लागतं असं कुणी सांगितलं तर सोडून द्या. तो आकडा पीटर गटमन यांच्या १९९६च्या शोधनिबंधातला, तेव्हाच्या आणि त्याआधीच्या डिस्कसाठीचा. आजच्या हार्ड डिस्कला एकदा नीट शून्य भरलं की पुरे.

एसएसडीची गोष्ट मात्र वेगळी. तिथे सगळ्या पेशी सारख्या झिजाव्यात म्हणून ड्राइव्ह स्वतःच आतल्या आत जागा बदलत राहतो. त्यामुळे आपण शून्य लिहायला गेलो तरी काही कोपरे सुटू शकतात. त्यासाठी ड्राइव्हच्या कंपनीचं टूल किंवा बायोसमधला 'सिक्युअर इरेज' वापरायचा. आणि त्याहून छान म्हणजे पहिल्या दिवसापासूनच ड्राइव्ह एन्क्रिप्ट ठेवायचा. मग किल्ली फेकली की आतलं सगळं कुणाच्याच कामाचं नाही.

आमच्या मित्राने अर्थातच सरळ रस्ता धरला नाही. लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावला, काळ्या स्क्रीनवर 'डीडी' अशी आज्ञा टाइप केली. (दूरदर्शन नव्हे!) एंटर दाबण्याआधी मात्र त्याने माझी एक्स्टर्नल हार्ड डिस्क खेचून बाजूला ठेवली. म्हणाला, "एक अक्षर चुकलं तर ही आज्ञा बॅकअपच पुसते. विचारतसुद्धा नाही." पाचशे जीबीला दोनेक तास लागले. सी गेला, डी गेला, माझा बायोडेटा गेला. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

मग त्यावर लिनक्स मिंट टाकलं. ते फुकट आहे, चार जीबी रॅमवर नीट चालतं आणि मुख्य म्हणजे इन्स्टॉल न करता आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, कॅमेरा दिसतोय का, सगळं तपासून मगच पुढे. अर्ध्या तासात लॅपटॉप नव्या नवरीसारखा तयार. अकरावीच्या मुलीला लागतं ते सगळं त्यात होतं. ब्राउझर, लिहायला लिब्रेऑफिस, गाणी. भाऊबिजेला आत्या पुण्याला आली, तिच्याबरोबर लॅपटॉप चिपळूणला रवाना. मी स्वतःवर जाम खूश!

आणि मग बाबांनी हाक मारली

दोन दिवसांनी बाबा नव्या लॅपटॉपसमोर बसले होते. "अगं, जरा इकडे ये. माझी फाइल उघडत नाहीये."

फाइल उघडली होती. पण पानभर नुसता कचरा होता. टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, शेपट्या लावलेली अक्षरं, मधूनच पौंडाचं चिन्ह, मधूनच प्रश्नचिन्ह. एक शब्द वाचता येईल तर शपथ. मी दुसरी फाइल उघडली. तेच. तिसरी. तेच. नाव होतं 'कुलवृत्तांत'.

आता इथे थोडं सांगायला हवं. बाबांनी २००४ साली आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहायला घेतला होता. आठ वर्षं चाललं ते काम. रविवार आला की वही घेऊन निघायचे. माखजनच्या आत्याआजी, राजापूरचे एक चुलत आजोबा, डोंबिवलीतल्या एक काकू. कोण कुणाचा मुलगा, कोण कुठे दत्तक गेला, कोणाचं घर कसं उठलं, प्लेगात कोण गेलं. दिवसा वहीत, रात्री कॉम्प्युटरवर. त्या वह्या पुढे घर बदलताना गेल्या. आणि ज्यांनी हे सगळं सांगितलं, त्यातलं आज कुणीही नाही. म्हणजे आता परत विचारायचं म्हटलं तरी विचारणार कुणाला?

बाबा काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसला, परत घातला, परत बघितलं. माझ्या पोटात खड्डा पडला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मी मित्राला फोन लावला. त्याने दोनच प्रश्न विचारले. "मराठीत टाइप केलेलं आहे? किती जुनं?" आणि मग म्हणाला, "फाइल ठीक आहे. तू फॉन्ट पुसलास."

त्या काळात मराठी टाइप कसं व्हायचं आठवा. श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव. युनिकोड तेव्हाही होतं, पण पेजमेकरपासून गल्लीतल्या डीटीपीवाल्यापर्यंत सगळा कारभार या जुन्या फॉन्टवर. या फॉन्टमध्ये खरं तर मराठी नसतंच! फाइलमध्ये साठवलेली असतात इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड. फॉन्ट त्या चिन्हाला काना, वेलांटी, अर्धा क असा मुखवटा चढवतो. मुखवटा असेपर्यंत वाचायला अस्खलित मराठी, मुखवटा काढला की खाली टोप्या आणि शेपट्या. बाबांच्या फाइल मी अगदी काळजीने कॉपी केल्या होत्या. पण तो फॉन्ट कुठे होता? विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये. सी ड्राइव्हवर. ज्याच्यावर आम्ही दोन तास शून्यं भरली होती.

गंमत बघा. माझा बायोडेटा मला नको होता, तो जायला तयार नव्हता. बाबांचा फॉन्ट हवा होता, तो एका दमात गेला. मशीनला काय कळणार, आपल्याला काय हवंय आणि काय नकोय? ते आपणच त्याला आधी सांगायचं असतं. मी सांगितलंच नव्हतं, कारण मी बघितलंच नव्हतं. कॉपी झाल्याचा पट्टा शंभर टक्के भरला, मी खूश. त्यातली एकही फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघितली नाही. पाच मिनिटांचं काम होतं.

अप्पा बळवंत चौकातले काका

नशिबाने एक धागा हातात होता. फॉन्ट मशीनवर नसला तरी वर्ड त्याचं नाव वरच्या चौकटीत दाखवतं. ते नाव कागदावर लिहून घेतलं आणि बाबा नि मी अप्पा बळवंत चौकात गेलो. पहिल्या दुकानात नाही. दुसऱ्यात "मॅडम, आता सगळं युनिकोड." तिसरं दुकान मागच्या बोळात, पुढे लग्नपत्रिकांचे नमुने लावलेले. आतले काका साठीचे. नाव वाचून म्हणाले, "हा होय! आहे की." कोपऱ्यात एक जुना पीसी अजून एक्सपीवर चालू होता. इंटरनेट नाही, काही नाही. काकांनी पेन ड्राइव्ह लावला, फाइल उघडली आणि स्क्रीनवर आमचे पणजोबा आले. जन्मगाव, बायकोचं माहेरचं नाव, तीन मुलगे, दोन मुली. सगळं अगदी शुद्ध मराठीत!

बाबा स्टुलावर बसून वाचत राहिले. काका म्हणाले, "हे असं ठेवू नका आता. युनिकोड करून घ्या." कन्व्हर्टरमधून फाइल गेली आणि नव्वद टक्के मराठी सरळ बाहेर आलं. उरलेलं मात्र रफार चुकलेलं, जोडाक्षरं तुटलेली, पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर. बाबांना काम मिळालं. रोज सकाळी चहानंतर दहा पानं तपासायची. डिसेंबरपर्यंत पुरलं.

फॉरमॅट मारण्याआधी

माझी फजिती झाली ती झाली, तुमची नको. म्हणून ही छोटी यादी. कापून फ्रीजवर लावा.

बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. नुसती कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे.

जुन्या मराठी फाइल असतील तर फॉन्टही कॉपी करा आणि प्रत्येक फाइलची एक पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसवता येतो, त्यामुळे ती कुठेही तशीच दिसते.

फोल्डरमध्ये न दिसणाऱ्या गोष्टी आठवा. ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड, आउटलुकची पीएसटी फाइल, टॅलीचा डेटा. टॅलीचं लायसन्स फॉरमॅटआधी सरेंडर करायला विसरू नका.

नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर चालू असू शकतं. त्याची रिकव्हरी की आधीच लिहून ठेवा.

विंडोजच परत टाकणार असाल तर आठ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. विंडोज १० किंवा ११ एकदा रीतसर ॲक्टिव्हेट झालेलं असेल तर त्याच मशीनवर तीच आवृत्ती टाकल्यावर इंटरनेट जोडलं की ती सहसा आपोआप ॲक्टिव्हेट होते.

पुसायला बसाल तेव्हा बॅकअपची डिस्क काढून ठेवा. शक्यतो दुसऱ्या खोलीत!

आणि डी ड्राइव्हवर विसंबू नका. सी आणि डी बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क बिघडली की दोघेही एकत्रच जातात.

जाता जाता

जाणकार सांगतात, जपायच्या गोष्टीच्या तीन प्रती ठेवाव्या, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर. कुलवृत्तांताची एक प्रत बाबांच्या लॅपटॉपवर आहे. दुसरी त्यांनी कागदावर छापून, बाइंडिंग करून कपाटात ठेवली आहे. तिसरी कुठे ठेवायची यावर आमची चर्चा चालली होती. मी क्लाउड म्हणत होते.

बाबा म्हणाले, "चिपळूणला पाठव. पोरीला सांग, लॅपटॉपवर ठेव म्हणावं. आणि पुराचा इशारा आला की आधी लॅपटॉप वरच्या मजल्यावर."

मी फाइल मेल केली. अर्ध्या तासात भाचीचा मेसेज आला. 'मावशी, उघडली. नीट दिसतेय. पण यात आजीच्या नावापुढे सगळं संपलंय. आई नाही, मी पण नाही.'

मेसेज बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला. "बरोबर आहे तिचं," म्हणाले, "मुलींच्या पुढची पानं मी लिहिलीच नव्हती." आणि त्याच दुपारी त्यांनी फाइल उघडली, नवीन पान घेतलं, आणि आत्याला फोन लावून जावयांच्या घराण्याची चौकशी सुरू केली.

मी मात्र आधी जुन्या फाइलची एक कॉपी करून ठेवली. आणि हो, उघडून बघितली!